खर्च कुणाच्या नावावर?

२०२३-२४ या आर्थिक वर्षात भारतीय कुटुंबांचा उपभोग खर्च, महागाई वजा जाता, ४ टक्क्यांनी वाढला, असं केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयानं मे २०२४ मध्ये जाहीर केलं. एकूण अर्थव्यवस्था ८.२ टक्क्यांनी वाढत असताना लोक मात्र हात आखडून खर्च करताहेत, म्हणजे वाढीचा लाभ वरच्या थरातच अडकून राहिला आहे, असा अर्थ अनेकांनी त्यातून काढला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच मंत्रालयानं त्याच वर्षाचा आकडा सुधारून ५.६ टक्के केला. वर्ष तेच, खर्च होऊन गेलेले पैसेही तेच, तरी वाढीचा दर दीड टक्क्यांहून अधिक सरकला. यात लबाडी शोधण्याचं कारण नाही. हा आकडा ज्या रीतीनं तयार होतो ती पाहिली, तर तो सुधारावा लागणारच होता हे सहज पटतं. मात्र ती रीत पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात येते, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातला उपभोग खर्च पैसे कुणी दिले आणि किती दिले एवढंच नोंदवतो. त्या पैशांत लोकांच्या पदरात काय पडलं, हा त्याचा विषयच नव्हे. म्हणून खर्च कुटुंबाच्या रकान्यातून सरकारच्या रकान्यात गेला, किंवा तिथून परत आला, की लोकांचं राहणीमान जागचं हललेलं नसतानाही आकडे हलतात. आपल्याकडच्या आर्थिक चर्चेत हे फार कमी वेळा सांगितलं जातं.

देशाच्या सकल उत्पादनात कुटुंबांच्या उपभोगाचा वाटा साधारण ६० टक्के आणि सरकारच्या उपभोगाचा १० टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे भारताच्या जीडीपीतले प्रत्येक १० रुपयांतले ७ रुपये या दोन रकान्यांत येतात. एवढ्या मोठ्या रकमेसाठी सरकार घरोघरी जाऊन विचारत असेल, दुकानांच्या पावत्या मोजत असेल, असं वाचकाला वाटणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हिशेब उलट्या दिशेनं होतो. खाद्यतेलाचं उदाहरण घेऊ. देशात किती तेल गाळलं गेलं, त्यात किती आयात झाली, त्यातून किती निर्यात झाली, हे आकडे मिळतात. गोदामांतला साठा वाढला की घटला हे पाहिलं जातं. मग उपाहारगृहं, फरसाणाचे आणि बिस्किटांचे कारखाने, साबण उद्योग यांनी कच्चा माल म्हणून किती वापरलं, सरकारी रुग्णालयांनी आणि लष्करानं किती घेतलं, याचा अंदाज करून तेवढं वजा केलं जातं. उरलं ते कुटुंबांनी खाल्लं असं धरायचं, त्यात वाहतूक आणि व्यापाऱ्यांचा नफा मिळवून ग्राहकाला पडणाऱ्या किमतीला आणायचं, की झाला कुटुंबांचा तेलावरचा खर्च. डाळ, कापड, साबण, औषधं, मोटारसायकली अशा एकेका वस्तूसाठी हाच क्रम चालतो. या सगळ्यात कुटुंबाला एकही प्रश्न विचारलेला नसतो. त्याचा खर्च म्हणजे बाकी सगळं वजा केल्यावर उरणारा आकडा.

वजाबाकीतून आलेल्या आकड्याचा एक स्वभाव असतो. आधीच्या प्रत्येक पायरीवर झालेली चूक त्याच्या पदरात येते. कारखान्यांचे ताळेबंद उशिरा मिळाले, पिकाचा अंदाज बदलला, आयातीचे आकडे सुधारले, की कुटुंबांचा खर्च बदलतो. त्याहून मोठी अडचण प्रमाणांची आहे. तेलातला किती हिस्सा हॉटेलांकडे आणि किती घरांकडे, अशी अनेक प्रमाणं पायाभूत वर्षाच्या आसपासच्या पाहण्यांवरून ठरतात आणि पुढं वर्षानुवर्षं तीच वापरली जातात. २०११-१२ हे पायाभूत वर्ष जानेवारी २०१५ पासून लागू झालं आणि दहा वर्षांहून अधिक काळ त्यावर हिशेब चालला. दरम्यान शहरांत बाहेरून जेवण मागवणं रोजचं झालं आणि तयार खाद्यपदार्थांची बाजारपेठ फुगली. अशा वेळी प्रमाण जुनंच राहिलं, तर फरसाणवाल्यानं वापरलेलं तेल घरच्या तेलात मोजलं जातं आणि ते फरसाण विकलं गेलं की त्याच्या किमतीत तेच तेल पुन्हा येतं. पायाभूत वर्ष बदलून २०२२-२३ करण्याचं काम मंत्रालयानं हाती घेतलं, त्यामागं अशी कारणं आहेत. दर दहा-बारा वर्षांनी पायाभूत वर्ष बदलण्याइतकी आपली अर्थव्यवस्था आता संथ राहिलेली नाही, आणि ही दिरंगाई परवडणारी नाही.

या आकड्यात अशीही रक्कम असते जी कुणी कधी खर्चच केलेली नाही. स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसानं जणू स्वतःलाच भाडं दिलं, असं मानून ते भाडं उपभोगात धरतात. शेतकऱ्यानं घरी खाण्यासाठी ठेवलेली ज्वारी, तांदूळ, दूध यांचीही किंमत लावली जाते. बँक ठेवींवर कमी आणि कर्जावर जास्त व्याज लावते, तो फरक बँकेच्या सेवेची किंमत समजून त्यातला कुटुंबांचा वाटा त्यांच्या नावावर टाकला जातो. धर्मादाय संस्था, ट्रस्ट, मंडळं यांचा खर्चही भारतात कुटुंबांच्याच रकान्यात मिळवलेला असतो. उलट, कुटुंबाच्या दृष्टीनं सर्वांत मोठे असणारे काही खर्च यात दिसत नाहीत. नवा फ्लॅट घेतला तर ती गुंतवणूक ठरते. गृहकर्जाच्या हप्त्यातली मुद्दल परत करणं म्हणजे देणं फेडणं, तो उपभोग नव्हे. भरलेला प्राप्तिकरही यात नाही. महिन्याच्या पगारातून हप्ता गेल्यावर हातात काही उरत नाही असं म्हणणारं कुटुंब आणि या रकान्यातलं कुटुंब एकच असलं, तरी दोघांचे हिशेब वेगळे आहेत.

घरातल्या कामाबद्दल घेतलेला निर्णय तर फार दूरगामी आहे. घराचं मानीव भाडं धरलं जातं, पण त्याच घरात रांधणं, धुणं, मुलं आणि वृद्ध सांभाळणं या सेवांना किंमत लावली जात नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ वापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ होते. रोजचे जवळपास पाच तास, कोट्यवधी घरांत, आणि उपभोगाच्या हिशेबात शून्य. संख्याशास्त्रज्ञ याची कारणं देतात. भाडं धरलं नाही तर ज्या देशात बहुतेक लोक भाड्यानं राहतात तो देश, स्वतःच्या घरांत राहणाऱ्यांच्या देशापेक्षा, उगाचच अधिक उपभोग घेणारा दिसेल. घरकाम धरलं तर बेरोजगारी या शब्दाला अर्थ उरणार नाही, आणि बाजाराशी संबंध नसलेल्या या प्रचंड अंदाजी रकमेखाली अर्थव्यवस्थेतली मंदी-तेजी झाकली जाईल. हे युक्तिवाद खोटे नाहीत, आणि मुख्य हिशेब बाजारापुरता ठेवावा हे मलाही मान्य आहे. पण त्याचा परिणाम उघडपणे सांगितला पाहिजे. एखाद्या घरात स्वयंपाक करणारी बाई नोकरीला लागते आणि घर पोळीभाजी केंद्रातून डबा आणू लागतं, तेव्हा पोळ्या तितक्याच खाल्ल्या जातात, पण देशाचा उपभोग वाढलेला दिसतो. तिच्या पगारामुळं घराला जे मिळालं ते खरंच नवं आहे. डब्याचा आकडा मात्र पूर्णपणे नवा नाही, कारण त्याच्या जागी पूर्वी जे काम होतं ते मोजलंच जात नव्हतं.

सरकारच्या उपभोगाकडं वळलं की गुंता आणखी वाढतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतलं शिकवणं, पोलिसांची गस्त, न्यायालयाचा निकाल, आरोग्य केंद्रातलं लसीकरण या गोष्टी बाजारात विकल्या जात नाहीत. किंमत नाही म्हणून त्यांचं मोल त्यांच्यावर झालेल्या खर्चाइतकंच धरतात. कर्मचाऱ्यांचे पगार, विकत घेतलेला माल आणि सेवा, इमारती-यंत्रांचा घसारा यांची बेरीज करायची आणि लोकांकडून घेतलेलं शुल्क त्यातून वजा करायचं. ही सेवा सरकारनंच विकत घेतली असं मानलं जातं, म्हणून तो सरकारचा उपभोग. अर्थसंकल्पातल्या खर्चाशी याची गल्लत होऊ नये. रस्ते, धरणं, मेट्रो यांवरचा खर्च गुंतवणुकीत जातो. कर्जावरचं व्याज यात नाही. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये किंवा पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये हेही सरकारच्या उपभोगात येत नाहीत. सरकारनं इथं काही वापरलेलं नाही, फक्त पैसे दुसऱ्याच्या हाती दिले आहेत. त्या बाईनं त्यातून किराणा भरला, मुलाची फी दिली, की ती रक्कम कुटुंबाच्या उपभोगात उगवते. निवडणुकीच्या वर्षात कुटुंबांचा खर्च वाढलेला दिसला तर त्यातला काही भाग सरकारी तिजोरीतून आलेला असू शकतो, आणि सरकारी उपभोगाच्या ओळीत त्याचा मागमूसही नसतो.

खर्च म्हणजेच उत्पादन मानण्याचा अर्थ असा की शिक्षक वर्गात शिकवत असो वा जनगणनेच्या आणि निवडणुकीच्या कामावर असो, त्याचा पगार सारखाच मोजला जातो. सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशी २००८ मध्ये आणि सातव्याच्या २०१६ मध्ये लागू झाल्या, तेव्हा सार्वजनिक प्रशासन आणि संरक्षण या क्षेत्राची वाढ ठळकपणे उंचावलेली दिसली. त्या वर्षांत सरकारी कार्यालयांत कामं तितक्याच पटीनं वेगानं झाली असं कुणी म्हणणार नाही. याला पर्याय काय, किंमतच नाही तर दुसरं मोजणार काय, असा प्रश्न रास्त आहे. ब्रिटननं उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. अर्थतज्ज्ञ टोनी ॲटकिन्सन यांच्या समितीचा अहवाल २००५ मध्ये आला आणि तिथं विद्यार्थ्यांची उपस्थिती, रुग्णांवरचे उपचार यांवरून सरकारी सेवा मोजण्यावर भर वाढला. २०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत त्याची कसोटी लागली. शाळा बंद होत्या, नेहमीच्या शस्त्रक्रिया थांबल्या होत्या. शिक्षक-डॉक्टरांचे पगार चालूच होते, पण ब्रिटनच्या हिशेबानं सरकारी सेवा घटल्याचं नोंदवलं, आणि जीडीपी एका तिमाहीत सुमारे एक पंचमांशानं कोसळलेला दिसला. पगारावरून मोजणाऱ्या देशांत ही घट तेवढी दिसली नाही. ब्रिटनच्या पद्धतीतही खोट आहे: एका वर्गात ६० मुलं कोंबली तर उपस्थिती वाढेल, शिक्षण सुधारणार नाही. तरीही मुलं शाळेत आलीच नाहीत ही गोष्ट तिनं लपवली नाही, आणि एवढं तरी आपल्या हिशेबानं करावं अशी अपेक्षा जास्त म्हणता येणार नाही.

आता दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहू. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुलं काढून आईवडील त्यांना खासगी इंग्रजी शाळेत घालतात. सरकारी शाळेतले शिक्षक आहेत तिथंच असतात, त्यांचे पगार चालू राहतात, म्हणून सरकारचा उपभोग घटत नाही. फी, गणवेश, स्कूलबस यांमुळं कुटुंबाचा उपभोग वाढतो. बेरजेत देश शिक्षणावर आधीपेक्षा जास्त उपभोग घेतो आहे असं दिसतं, आणि मूल मात्र एकाच शाळेत शिकत असतं. उलट दिशेनंही हे घडतं. आरोग्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणं २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला ६४.२ टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून दिला होता. २०२१-२२ पर्यंत तो ३९.४ टक्क्यांवर आला आणि सरकारचा वाटा २८.६ वरून ४८ टक्क्यांवर गेला. हे आकडे जसेच्या तसे स्वीकारले, तर कुटुंबाच्या रकान्यातला आरोग्याचा भार हलका झाला ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्याला फक्त 'कुटुंबांचा उपभोग खर्च' एवढीच ओळ दिसते, त्याला तीच गोष्ट मंदावलेल्या मागणीसारखी दिसेल.

हा पेच जगाला नवा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीच्या १९९३ च्या आवृत्तीत यासाठी एक तोडगा आला. सरकारच्या उपभोगाचे दोन भाग करायचे. संरक्षण, पोलीस, प्रशासन अशा सर्वांसाठी असणाऱ्या सेवा एका बाजूला, आणि शाळा, दवाखाना अशा ज्या सेवा एकेका माणसाला मिळतात त्या दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या भागाची किंमत कुटुंबांच्या खर्चात मिळवली की कुटुंबांनी प्रत्यक्षात काय उपभोगलं याच्या जवळ जाता येतं. पैसे कुणीही देवोत, उपचार ज्याच्या शरीरावर झाला त्याच्या नावावर तो मांडला जातो. फुकट शिक्षण देणारा देश आणि फी घेणारा देश यांची तुलना याच आकड्यावर न्याय्य ठरते. आपल्या तिमाही पत्रकांत मात्र कुटुंब आणि सरकार असे दोनच ढोबळ रकाने असतात आणि चर्चाही तेवढ्यावरच होते.

वजाबाकीतून आलेल्या आकड्याची पडताळणी करायची तर लोकांनाच विचारायला हवं, आणि भारतानं ते फार लवकर ओळखलं होतं. १९४९ मध्ये सरकारनं राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. अध्यक्ष होते प्रशांतचंद्र महालनोबिस, आणि दोन सदस्यांपैकी एक होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ, दुसरे व्ही. के. आर. व्ही. राव. समितीला हवी असणारी माहिती देशात उपलब्धच नव्हती. त्या उणिवेतून १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी उभी राहिली आणि कुटुंबांना त्यांचा खर्च विचारणं सुरू झालं. याच पाहणीच्या आकड्यांवर वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा आपला अभ्यास उभा केला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला पाहणीतला खर्च आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातला खर्च यांत जेमतेम काही टक्क्यांचं अंतर होतं. २००९-१० पर्यंत पाहणीतला खर्च राष्ट्रीय हिशेबातल्या खर्चाच्या जवळपास निम्म्यावर आला. २०२२-२३ च्या पाहणीत दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ३,७७३ रुपये आणि शहरांत ६,४५९ रुपये आला. लोकसंख्येच्या प्रमाणात सरासरी काढली तर ती पावणेपाच हजारांच्या आसपास येते. त्याच वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात मात्र दरडोई मासिक उपभोग दहा हजारांच्या थोडा आत आहे.

पाहणी चुकीची, कारण श्रीमंत लोक दार उघडत नाहीत आणि उघडलं तरी खरा खर्च सांगत नाहीत, असा एक आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे. मोठ्या सोसायट्यांच्या फाटकावरूनच पाहणी करणारे परत जातात, आणि लांबलचक प्रश्नावलीला कंटाळून लोक अर्धवट उत्तरं देतात. पण म्हणून दुसरा आकडा खरा ठरत नाही. मानीव भाडं, बँकसेवेची गृहीत किंमत आणि धर्मादाय संस्थांचा खर्च हे पाहणीच्या सरासरीत नसतातच, त्यामुळं अंतराचा एक भाग व्याख्येतलाच आहे. आणखी एक भाग जुन्या प्रमाणांतून येतो. या अंतराची विल्हेवाट कशी लावायची यावर आपण एकदा हात पोळून घेतले आहेत. पूर्वी नियोजन आयोग पाहणीतला प्रत्येक कुटुंबाचा खर्च एकाच पटीत वाढवून राष्ट्रीय हिशेबाशी जुळवत असे आणि मग गरीब मोजत असे. न सांगितलेला खर्च गरिबाच्या आणि श्रीमंताच्या घरात सारख्याच प्रमाणात असतो, असं त्यात गृहीत होतं. शेतमजुराच्या झोपडीत लपलेला खर्च मोटारमालकाच्या बंगल्याइतकाच! मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेले डी. टी. लकडावाला यांच्या तज्ज्ञ गटानं १९९३ मध्ये ही पद्धत सोडून द्यायला सांगितलं, ते योग्यच होतं.

असं असूनही पुढं त्याहून वाईट घडलं. २०१७-१८ च्या उपभोग पाहणीचा निकाल नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारनं प्रसिद्ध न करण्याचं ठरवलं. इतर प्रशासकीय आकडेवारीशी तो जुळत नाही, त्याच्या दर्जाबद्दल शंका आहे, असं कारण दिलं गेलं. सदोष आकडे छापून धोरणाची दिशाभूल का करायची, हा बचाव वरवर पटणारा आहे. पण पाहणीचं कामच मुळी दुसऱ्या हिशेबाला तपासण्याचं आहे. साक्षीदार फिर्यादीशी जुळत नाही म्हणून त्याची साक्षच नोंदवायची नाही, असा हा प्रकार झाला. दोष होते तर दोषांसकट छापून अभ्यासकांना तपासू द्यायला हवं होतं. तसं न झाल्यामुळं २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ पर्यंत, अकरा वर्षं, भारतीय कुटुंबं कशावर किती खर्च करतात याचा प्रसिद्ध झालेला सरकारी आकडा आपल्याकडं नव्हता. नोटाबंदी, वस्तू व सेवा कर आणि कोविड हे तिन्ही याच काळात येऊन गेले.

२०२२-२३ आणि २०२३-२४ अशा लागोपाठ दोन पाहण्यांचे निकाल आता हाती आहेत. रेशनवर फुकट मिळालेलं धान्य आणि सरकारनं दिलेल्या इतर वस्तूंची किंमत मिळवून वेगळी सरासरीही त्यात दिली आहे: २०२२-२३ साठी ग्रामीण भागात ३,८६०, शहरांत ६,५२१ रुपये. कुणी पैसे दिले आणि कुणाला वस्तू मिळाली हा फरक सरकारच्याच यंत्रणेनं इथं मांडून दाखवला, हे चांगलं पाऊल आहे, आणि तिमाही पत्रकांतही ते यायला हरकत नाही. पाहणी आणि राष्ट्रीय हिशेब यांतलं अंतर व्याख्येमुळं किती, जुन्या प्रमाणांमुळं किती, आणि न उघडलेल्या दारांमुळं किती, याचं वस्तूवार विवरण मंत्रालयानं दर पाहणीबरोबर छापावं. आणि पुढच्या पाहणीचा निकाल कुणाला आवडो वा न आवडो, तो ठरलेल्या तारखेला प्रसिद्ध झालाच पाहिजे.